हापशीचा दांडा एवढा जड काऊन?

मित्रांनो, मागच्या अंकात आपण बैलगाडीचं चाक उलगडून पाहिलं होतं. तुंबा, आरे, लाकडी घेर आणि त्यावर बसवलेली लोखंडी धाव. ती धाव चाकापेक्षा किंचित लहान का घडवतात, शेणाच्या गोवऱ्यांवर लालभडक तापवून, फुगवून मगच का चढवतात आणि वरून पाणी ओतल्यावर ती चाकाला कशी करकचून आवळते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपल्या शब्दांत लिहून पाठवलं. चित्रंही आली. एकानं तर आजोबांना शेजारी बसवून चाकाचे सगळे आरे मोजले.

चाकावरून वर्गात बोलणं चाललं होतं तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं मधेच विचारलं, "गुरुजी, मंग हापशीचा दांडा एवढा जड काऊन? हलका केला असता तं लहान लेकरायले हापसता आलं असतं."

बघा, किती चांगला प्रश्न आहे! आपण रोज हापशीवर जातो, दांडा खालीवर करतो, कळशी भरते आणि घरी येतो. पण तो दांडा तसाच का, हे कुणाच्या मनात येत नाही. शहरातल्या ज्या मित्रांनी हापशी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हापशी म्हणजे विंधनविहिरीवरचा हातपंप. आमच्याकडे शाळेसमोर, देवळापाशी, वस्तीच्या तोंडाशी अशी कुठं ना कुठं ती असतेच.

उत्तर लगेच देणार नाही. हापशीच्या आधी लोक पाणी कसं काढायचे ते आधी पाहू या. त्याशिवाय हापशीची खरी गंमत कळायची नाही.

आपला बुलढाणा जिल्हा म्हणजे दोन मजली घर. काही तालुके घाटावर, काही घाटाखाली. घाटावर तर थोडं खणलं की काळा दगड लागतो. पाणी असतं, पण खडकाच्या भेगांत दडलेलं. पाणी वर आणायचं तरी कसं, हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. जुन्या लोकांनी त्याचं एक उत्तर असं काढलं, की पाणी वर येत नाही ना, मग आपणच खाली जाऊ. यालाच म्हणतात बारव.

जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजाला, सहलीला गेलात तर राजवाडा पाहून लगेच एस.टी. गाठू नका. तिथं पुतळा बारव आहे. दगडांत कोरलेल्या पुतळ्यांमुळे तिला हे नाव पडलं. पायऱ्या उतरत खाली जा. दोन पायऱ्या उतरलं की ऊन मागं राहतं आणि अंगाला गारवा लागतो. मग जरा थांबा आणि विचार करा, विहीर तर दोर सोडूनही शेंदता आली असती, मग एवढ्या पायऱ्यांचा खटाटोप का केला असेल? पावसाळ्यानंतर बारवेत पाणी वरपर्यंत असतं. उन्हाळा येईल तसं ते खाली खाली जातं. पाणी एक पायरी खाली गेलं की माणूसही एक पायरी खाली उतरतो. बारा महिने पाणी हाताशी! दोर नको, रहाट नको, कुणाची मदत नको. थकलेल्याला मधे टेकायला जागा. वाटसरूला सावली. आणि नुसत्या दगडी भिंतीनं काम भागलं असतं तरी त्या कारागिरांनी देव, प्राणी, वेलबुट्टी कोरून ठेवली. रोज पाण्याला येणाऱ्या बायांना काहीतरी पाहण्यासारखं असावं असंच त्यांना वाटलं असेल, असा माझा आपला अंदाज.

लोणारच्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको. त्यांच्याकडे लिंबी बारव आहे.

पिण्यापुरतं पाणी असं मिळालं. पण शेताला? खांद्यावर घागरी वाहून कुणाचं शेत भिजत नाही. तिथं मोट आली. मोट आता चालताना दिसत नाही, पण तुमच्या आजोबांनी पाहिलेली असेल, कदाचित हाकलीही असेल. मला विचाराल तर मोटेइतकी चलाख वस्तू आपल्या शेतात दुसरी झाली नाही. (तिफणीचं चाडं तिच्या जवळपास येतं. त्यावर एक अख्खा अंक खर्च करू.)

मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. पुढं लोखंडी पत्र्याच्याही आल्या. पिशवीला वर मोठं तोंड आणि खाली हत्तीसारखी लांब सोंड. सोंड दोन्हीकडून उघडी! आता सांगा, खाली भोक असलेल्या पिशवीत पाणी राहील कसं?

राहतं, कारण सोंड वर दुमडलेली असते. मोटेला दोन दोर. जाड दोर म्हणजे नाडा, तो मोटेच्या तोंडाला. बारीक दोर म्हणजे सोल, तो सोंडेच्या टोकाला. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला एकत्र बांधलेले, म्हणून दोन्ही एकाच वेगानं वर येतात. विहिरीतून वर येताना सोंडेचं टोक मोटेच्या तोंडाबरोबर उंच राहतं, त्यामुळे थेंब सांडत नाही. पण विहिरीच्या काठावर खरी करामत होते. नाडा जातो उंचावरच्या चाकावरून आणि सोल जाते खाली, काठाजवळच्या आडव्या कण्यावरून. मोट काठाशी आली की पिशवी चाकाकडे वर चढत राहते, सोंड मात्र कण्यावरून पुढं ओढली जाते आणि थारोळ्यात आडवी होते. सोंड खाली, पिशवी वर. भस्सकन सगळं पाणी थारोळ्यात! कुणी मोट धरायला नको, कलती करायला नको. मागं बैल हाकणारा एक माणूस, बस्स. एक चाक, एक कणा आणि दोघांच्या उंचीतला फरक, एवढ्यावर सगळा खेळ.

बैलांची वाट बघा. ती सपाट नसायची, विहिरीपासून उतरती. भरलेली मोट ओढताना बैल उतारावर चालायचे, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायला लागायचं. रिकामी मोट खाली सोडताना ते उलट्या पावली चढ चढायचे, पण तेव्हा ओझं नसायचं. या उताराच्या वाटेलाही धाव म्हणतात. चाकाची धाव वेगळी, मोटेची धाव वेगळी. परीक्षेत गोंधळ करू नका.

आता पुन्हा बारवेकडे वळू. इतकी सुंदर, इतकी हुशारीनं बांधलेली बारव. पण तिच्यात एक खोट होती. बांधणाऱ्यांना ती कळणं शक्य नव्हतं, कारण ती डोळ्यांना दिसत नव्हती.

आजीला "नारू" हा शब्द विचारा. चेहरा कसा होतो ते पाहा. नारू हा कृमी. पाण्यात एक बारीक किडा असतो, सायक्लॉप्स. आपल्याला तो ठिपक्याएवढा दिसला तर दिसतो. त्याच्या पोटात नारूची पिल्लं. असं पाणी कुणी न गाळता प्यायलं की नारू शरीरात शिरतो. पुढं जवळजवळ वर्षभर काहीच कळत नाही. मग एके दिवशी पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून हातभर लांबीचा, कधी त्याहूनही लांब, पांढरा दोऱ्यासारखा नारू बाहेर येऊ लागतो. तो तुटू नये म्हणून काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. आठवडेच्या आठवडे माणूस अंथरुणाला खिळलेला. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस असा पडला तर त्या घरानं वर्षभर खायचं काय?

पायाची आग थांबावी म्हणून माणूस काय करतो? पाण्यात पाय बुडवतो. पाय पाण्यात पडला की नारू हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. आणि पाय बुडवायला सगळ्यात सोयीची जागा कुठली? बारवेची शेवटची पायरी! ज्या पायऱ्यांनी पाणी हाताशी आणलं, त्याच पायऱ्यांनी पाय पाण्यापाशी नेले. त्यात बारवेचा दोष म्हणावा का? मला तरी म्हणवत नाही. पण बारवेचं पाणी पिणाऱ्या कितीतरी गावांत नारू पिढ्यान्‌पिढ्या राहिला, हे खरं आहे.

नारूवर ना लस होती, ना गोळी. मग तो हटवायचा कसा? पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारले, रुग्ण शोधले आणि गावोगावी असं पाणी दिलं की ज्यात कुणाचा पाय पडूच शकत नाही. म्हणजे हापशी. आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तुमच्या आईबाबांनी नारू पाहिला नसेल, तर त्यात हापशीचाही वाटा आहे.

पण ही हापशी काही सहजासहजी मिळाली नाही.

१९७२ चा दुष्काळ. सुकडी, मिलो, खडी फोडण्याची कामं, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं असेल. त्या सुमारास खडक फोडणाऱ्या यंत्रगाड्या आपल्या भागांत येऊ लागल्या होत्या. काळ्या दगडातून त्या अरुंद, खोल विहीर पाडायच्या. पाणी लागायचं, लोक नारळ फोडायचे, वर पंप बसायचा. आणि काही महिन्यांत पंप बंद! तेव्हाच्या पाहण्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त पंप बंद पडलेले आढळले. पाणी खाली आहे, विहीर आहे, पंपही उभा आहे, पण बायांच्या डोक्यावरचा हंडा पुन्हा जुन्याच वाटेला.

असं का व्हायचं? ते पंप बिडाचे होते आणि त्यांची घडण परदेशातल्या एखाद्या घराच्या अंगणातल्या पंपासारखी होती. तिथं एका कुटुंबानं दिवसातून दोन-चार बादल्या काढायच्या. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबायचाच नाही. खिळ्यांचे सांधे झिजायचे, दांडा डगमगायचा, बीड तडकायचं. पंप वाईट होता असं नाही. तो दुसऱ्याच कुणासाठी बनवलेला होता.

याचा पहिला चांगला उपाय कुठं निघाला असेल? आपल्या शेजारी, जालन्यात! देऊळगावराजाहून जालना काही लांब नाही. जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातल्या लोकांनी बिडाऐवजी पोलादाचे, कमी सांध्यांचे पंप तयार केले. ते 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' म्हणूनच ओळखले गेले. पुढं १९७० च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून सोलापूर पंपाच्या पायावर नवा पंप घडवला. तामिळनाडूत कोइमतूर भागातल्या खोल विंधनविहिरींवर नमुने बसवून ते पारखले. त्याचं नाव 'इंडिया मार्क टू'. तुमच्या शाळेसमोर उभी आहे ती बहुधा हीच. दिसायला कशी? लोखंडी खांब, वर पेटीसारखं मुंडकं, एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला दांडा. कुणी तिचं चित्र काढून भिंतीवर लावणार नाही.

आता तिच्या पोटात शिरू या.

पाणी खाली ३० मीटरवर आहे असं धरा. वर बसून नळीनं शरबत ओढतो तसं हे पाणी ओढता येत नाही. तशा रीतीनं व्यवहारात ७-८ मीटरच्या वर पाणी चढत नाही. म्हणून खरा पंप खाली पाण्यात बुडवलेला असतो. सिलिंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्याला झडप. दट्ट्यापासून वर मुंडक्यापर्यंत लोखंडी सळया, एकीला एक जोडलेल्या. आपण दांडा खाली दाबला की सळया वर, दट्ट्या वर, पाणी वर. दांडा सोडला की दट्ट्या खाली.

दांड्याचं टोक मात्र सरळ रेषेत हलत नाही, कमानीसारखं फिरतं. दार उघडताना दाराची कडा फिरते ना, तसं. सळई थेट त्या टोकाला बांधली तर ती दर हेलकाव्याला थोडी पुढं, थोडी मागं ओढली जाईल, घासेल, वाकेल. जुने पंप इथंच मरायचे. यावर उपाय काय केला? दांड्याच्या आतल्या टोकाला चतकोर भाकरीच्या आकाराचा लोखंडी तुकडा बसवला आणि त्याच्या गोल कडेवरून साखळी सोडली. सायकलची असते तशी साखळी. आता दांडा कसाही फिरो, साखळी त्या गोल कडेवर गुंडाळली जाते किंवा सुटते, पण लोंबते नेहमी एकाच जागी, बरोबर विहिरीच्या मधोमध. सळई सरळ वर, सरळ खाली. घासणं नाही, वाकणं नाही. घरी करून बघा. पुठ्ठ्याची चतकोर कापा, टाचणीवर फिरती ठेवा, गोल कडेवरून दोरा सोडून त्याला खडू बांधा. चतकोर फिरवली तरी खडू सरळच वर जातो.

साखळीला ओढता येतं, ढकलता येत नाही. मग दट्ट्या खाली कोण नेतं? सळयांचं वजन! एक सळई ३ मीटरची, वजन सुमारे पावणेतीन किलो. ३० मीटरला दहा सळया, म्हणजे जवळजवळ २७ किलो. आपण दांडा सोडला की हे वजनच दट्ट्या खाली ओढतं आणि दांडा आपोआप वर उचलतं.

आता तिचा प्रश्न. दांडा हलका, पोकळ नळीचा केला असता तर काय झालं असतं? दाबताना सळयांचं ते सगळं वजन आपल्याच हातांनी उचलावं लागलं असतं. म्हणून दांडा भरीव लोखंडाचा आहे. एका बाजूला सळया लोंबतात, दुसऱ्या बाजूला जड दांडा. जत्रेतल्या सी-सॉवर दोन सारख्या वजनाची पोरं बसावीत तसं. सळयांचं वजन दांड्यानं तोललं, आता आपल्या वाट्याला उरलं फक्त पाणी. दांडा जड आहे तो आपल्याला त्रास देण्यासाठी नाही. आपल्या बाजूनं जोर लावणारा तो दुसरा गडी आहे.

पाण्याचं ओझंही थोडंथोडकं नसतं. दट्ट्या सुमारे साडेसहा सेंटिमीटर रुंद. त्याच्यावर ३० मीटर पाण्याचा दाब म्हणजे ९०-९५ किलोंचा भार! (वरचा पाइप अरुंद असला तरी भार दट्ट्याच्या रुंदीप्रमाणेच पडतो. असं का, ते नववी-दहावीतल्या ताईला विचारा. तिला आलं नाही तर तिच्या सरांना.) धान्याचं जवळजवळ एक पोतं. ते उचलणार कोण? तर कडेवर लेकरू घेऊन आलेली बाई. पण दांड्याची बाहेरची बाजू आतल्या बाजूच्या आठपट लांब ठेवली आहे. त्यामुळे ९५ किलोंचा भार हाताला १२ किलोंच्या आसपास लागतो. आपला हात बराच खालीवर होतो, आत दट्ट्या मात्र जेमतेम साडेबारा सेंटिमीटर हलतो. एका दाबात साधारण ०.४ लिटर पाणी. मग १५ लिटरची बादली किती हापशांत भरेल? गणित करा, आणि मग हापशीवर जाऊन मोजा. चाळिसाच्या जवळपास आकडा आला तर हापशीची तब्येत ठीक. साठ-सत्तर आला तर आत वायसर झिजले म्हणून समजा आणि ग्रामपंचायतीत सांगा.

मुंडक्याला झाकण आहे, ते पान्याशिवाय उघडत नाही. का, ते तुम्हांला जास्त ठाऊक! झाकण नसतं तर आपल्यातल्या काही वीरांनी आत खडे टाकून आवाज ऐकला असता. खाली सिमेंटचा ओटा आहे आणि खांब त्यात घट्ट रोवलेला. सांडलेलं, गुरांनी तुडवलेलं पाणी परत विहिरीत झिरपू नये, म्हणून तो ओटा. तो फुटला तर हापशी अर्धी मेली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही घडण कुणी आपल्या मालकीची करून कुलपात ठेवली नाही. १९७९ साली तिचं भारतीय मानक ठरलं, सगळी मापं छापली गेली. त्यामुळे एका कारखान्यातला सुटा भाग दुसऱ्या कारखान्याच्या हापशीला बसतो. पुढं ही हापशी आफ्रिकेतही गेली. युगांडात तिला यू-टू म्हणतात. तिथलं एखादं पोरगंही आत्ता दांड्याला लोंबकळत असेल.

तिच्यात उणीव नाही असं समजू नका. मार्क टू क्वचित बिघडते, पण बिघडली की खालचे वायसर बदलायला सगळे पाइप उपसून काढावे लागतात. त्याला तिकाटणं लागतं, चार-पाच माणसं लागतात, तालुक्याहून गाडी यावी लागते. एप्रिल महिन्यात ती गाडी येईस्तोवर काय होतं हे मी वर्गात हजेरी घेताना बघतो. मुलींच्या नावापुढं 'गैरहजर' वाढत जातं. लांबच्या विहिरीवर दुसरी खेप करायला आईला सोबत लागते. वायसर असतो हाताच्या तळव्यात मावेल एवढा आणि त्याच्यापायी शाळा बुडते.

म्हणून १९८० च्या दशकात मार्क थ्री निघाली. तिचा पाइप एवढा रुंद की दट्ट्या आणि खालची झडप पाइपातूनच वर ओढून काढता येते. पाइप हलवायचाच नाही. गावातल्या एक-दोघांना शिकवलं तर ते पान्यांनी दुरुस्ती करू शकतात. रुंद पाइप महाग आणि जड, हे खरं. पण घडवणाऱ्यानं या वेळी एक प्रश्न जास्त विचारला होता, की ही बिघडेल तेव्हा तिच्याजवळ कोण असेल?

हापशीपाशी आहोतच तर तिच्या ओट्यावर ठेवलेल्या भांड्यांकडेही बघून घ्या. कळशी. गळा आवळलेला, म्हणजे चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. काठ बाहेर वळलेला, म्हणजे बोटं अडकतात. पोट गोल, म्हणजे कमरेच्या खळगीत बसते आणि हात वरून वेढता येतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नामांकित वस्तुरचनाकार पतिपत्नी भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपला देश फिरले. त्यांनी अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? ताजमहाल नव्हे, आपला तांब्या! तो भरलेला कसा तोलतो, रिकामा कसा तोलतो, डोक्यावर कसा, कमरेवर कसा, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, अशी प्रश्नांची लांबलचक यादीच त्यांनी दिली आहे. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली. तांब्या मात्र कुणा एकानं घडवला नाही. वापरणाऱ्या हजारो हातांनी तो थोडा थोडा घडवला.

प्लॅस्टिकची घागर आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. अजूनही तिचे भडक रंग डोळ्यांत खुपतात. पण नीट पाहिलंत तर कळेल, प्लॅस्टिक कोणत्याही आकारात ओतता येत असताना बनवणाऱ्यानं आकार जुन्या घागरीचाच ठेवला. तोच गळा, तोच काठ, तेच पोट. आणि रिकामी घागर जवळजवळ बिनवजनाची झाली. रोज पाच खेपा घालणाऱ्या बाईला विचारा, ती तांब्याची घागर मागेल की प्लॅस्टिकची.

आता बऱ्याच गावांत घरोघरी नळ आले आहेत. काही हापशांवर सौर पंप बसले. दांडे गेले. चांगलंच झालं. पण लाइट गेली आणि टाकी रिकामी झाली, की गाव पुन्हा हापशीशी रांग लावतं.

त्या चौथीतल्या मुलीला मी हे सगळं दोन तास लावून, फळ्यावर चित्रं काढून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते समजलं गुरुजी. पण माह्या भावाचा हात तं दांड्यापर्यंत पोचतच नाही." बरोबर आहे. त्याचं उत्तर मार्क टूमध्ये नाही, मार्क थ्रीमध्येही नाही. तिसरी-चौथीचं मूल उडी मारून दांडा धरतं, त्याला लोंबकळतं आणि त्याच्यासोबत खाली येतं. कधी दांडा सटकून हनुवटीला लागतो.

तेव्हा या आठवड्याचं काम हे. आपल्या गावच्या हापशीवर किंवा नळावर जा. दांडा वर असताना त्याचं टोक जमिनीपासून किती उंच जातं ते टेपानं मोजा, आणि आपल्या घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा हात कुठवर पोचतो तेही. मग लहान मुलांनाही हापसता येईल, पण मोठ्यांची सोय जाणार नाही, असं काय करता येईल? पायरी? दुसरी मूठ? दांड्याला दोर? चित्र काढा, मापं लिहा, वयाचा आकडा घाला आणि पाठवा. चित्र सुबक नसलं तरी चालेल, मापं मात्र खरी हवीत. चांगल्या कल्पना या पानावर छापू. आणि ज्यांच्याकडे हापशी नाही त्यांनी घरातली सगळ्यात जुनी कळशी मोजावी.

पुढच्या अंकात सायकल. एवढ्या बारीक तारांच्या चाकावर दोन माणसं आणि दळणाचं पोतं कसं बसतं, ते पाहू.